फाशांना शिव्या देण्याआधी छत्तीस मोजा

बॅकगॅमन हा दोन फाशांवर सोंगट्या पळवायचा दोघांचा खेळ ऑनलाइन खेळणाऱ्यांची एक ठरलेली रड असते: साइटचे फासे लबाड आहेत, समोरच्यालाच नेमकं दान पडतं. मला याचा कंटाळा आलाय. दोन फाशांची दानं ३६, त्यातली ६ जोडीची. म्हणजे सरासरी दर सहाव्या खेपेला जोडी यायचीच. समोरच्याला हवं ते दान पडलं की आधी स्वतःला विचारा, अशी किती दानं मी त्याच्यासाठी मोकळी सोडली होती?

मोजायला सोपं आहे. तुमची एकटी सोंगटी त्याच्या सोंगटीपासून ६ घरांवर असेल आणि मधे अडथळा नसेल, तर ३६ पैकी १७ दानांत ती मरते: कुठल्याही फाशावर सहा आला तर ११, ५-१ आणि ४-२ ची मिळून ४, शिवाय ३-३ आणि २-२. तीच सोंगटी आणखी एक घर लांब, सातव्यावर ठेवा. आता फक्त ६ दानं. आणि सहाच्या आतच थांबावं लागणार असेल तर उलट जवळ जा. एका घरावरून ११ दानांतच मार बसतो. ‘जितकं लांब तितकं सुरक्षित’ हा हिशोब तिथे चालत नाही.

सुरुवातीला ३-१ पडलं तर पाचाचं घर (घरं १ ते २४, आपल्या सोंगट्या बाहेर निघतात त्या टोकापासून मोजायची), ४-२ ला चाराचं, ६-१ ला साताचं. डोळे झाकून बांधा, म्हणजे दोन सोंगट्या ठेवून ते घर त्याला बंद करा. त्याच्या मागच्या सोंगट्या अडकायला लागतात आणि पाचाचं किंवा चाराचं घर बांधलं तर मार खाऊन परतणाऱ्या सोंगटीलाही शिरायला एक जागा कमी होते. २-१, ४-१, ५-१ ला एकटी सोंगटी पाचाच्या घरात टाकायची जुन्यांची सवय होती. १९९० च्या दशकात आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांचा टीडी-गॅमन प्रोग्रॅम स्वतःशीच खेळून शिकला, आणि मागची एक सोंगटी २४ वरून २३ वर सरकवणं बरं असा त्याचा कौल आला.

आता क्यूब, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायचा फासा. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण इथेच वाया जातात, कारण लोक घाबरून डाव सोडतात. चार सारख्याच डावांत समोरच्याने डबल दिलं, म्हणजे गुण दुप्पट करायचे म्हटलं, असं धरा. सोडाल तर एक गुण जातो, घ्याल तर डाव दोन गुणांचा. चारही सोडलेत तर ४ गुण गेले. चारही घेऊन तीन हरलात, एक जिंकलात, तर गेले ६, आले २. पुन्हा तेच ४. म्हणजे चारातला एक डाव जिंकायची आशा असेल तर डबल घ्या. गॅमनची, म्हणजे दुप्पट हार खायची, भीती असेल तेवढी जास्त आशा हवी.

कुणी कुणाला मारू शकत नाही, नुसती शर्यत उरली, की स्क्रीनवरचा पिप आकडा, म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला अजून किती घरं चालायची ते, पुरतो. तुमचे १०० आणि त्याचे ११० असतील तर डबल द्या. त्यानेही ते घ्यावं. ११२ च्या वर गेला तर त्याने सोडावं.

डाव संपला की फाइल उतरवून ग्नू बॅकगॅमन या खेळ्या तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाका, फुकट आहे. सगळ्या खेळ्या वाचत बसू नका, तेवढा धीर कुणालाच नसतो. सगळ्यात महाग पडलेल्या तीन काढा, पट तसाच मांडा, आणि प्रोग्रॅमचं उत्तर झाकून पुन्हा खेळी ठरवा.