बेडकाच्या भ्रूणाचा पहिला दिवस कसा पाहावा

प्रात्यक्षिकाच्या प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हा वाढत का नाहीये?" प्रश्न रास्त आहे. झेनोपस बेडकाचं अंडं जेमतेम सव्वा मिलिमीटरचं, आणि हजारो पेशी झाल्या तरी भ्रूण तेवढाच राहतो. आहे त्याच ऐवजाच्या वाटण्या होत जातात. म्हणून भ्रूणाची लांबीरुंदी मोजत बसू नका. कोणती पेशी कुठे आहे आणि केवढी आहे, ते टिपा.

आधी अंड्यांभोवतीची जेली काढायची. फलित अंडी सुमारे आठ सामू असलेल्या दोन टक्के सिस्टीनच्या (एक अमिनो आम्ल) द्रावणात हलक्या हाताने फिरवा. काही मिनिटांत ती एकमेकांना खेटून बसू लागतात. तिथेच थांबा आणि भरपूर धुवा. मग विरळ क्षारद्रावणात ठेवा. डिशच्या तळाला अ‍ॅगरोज या मऊ जेलचा थर दिलात तर भ्रूण चिकटत नाहीत. तापमान १८ ते २२ अंश. तापमान उतरलं की सगळंच रेंगाळतं, म्हणून वहीत नुसते तास लिहू नका, न्यूकूप आणि फेबर यांच्या १९५६ च्या तक्त्यातला (झेनोपसच्या वाढीचे क्रमवार टप्पे देणारा तक्ता) टप्पाही लिहा. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढत राहा. दिवा वरून, तिरका. अंडं अपारदर्शक असल्याने खालच्या उजेडाचा उपयोग नाही.

फलन झालं की अंडं आवरणातल्या आवरणात फिरतं: काळी बाजू वर, बलकाने जड झालेली फिकी बाजू खाली. खोलीच्या तापमानाला सुमारे दीड तासाने काळ्या टोकावर पहिली खाच पडते. भिंग वाढवा, खाचेच्या दोन्ही काठांना बारीक सुरकुत्या पडलेल्या दिसतील. मला हे दृश्य कितीदाही पाहायला आवडतं. बलकातून कापत जाणं जड जातं, त्यामुळे पहिली खाच तळाशी पोचायच्या आधीच वर दुसरी सुरू होते. तिसरी आडवी येते, तीही मधोमध नाही, वर सरकून. वर चार लहान पेशी, खाली चार थोराड. पुढच्या सगळ्या फरकाची सुरुवात इथे डोळ्यांना दिसते, कारण अंड्यात कुठे काय साठवलंय त्यानुसार प्रत्येकीच्या वाट्याला वेगळा माल आलेला असतो.

यानंतर साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने, जवळपास एका तालात विभाजनं होत राहतात. बाराव्याच्या आसपास, चारेक हजार पेशींवर, ताल मोडतो. तोवर काम आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चाललेलं असतं. आता भ्रूणाची स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर बोलू लागतात आणि पेशी हालचालही करू लागतात.

दहाव्या तासाच्या सुमारास केसाच्या फाशाने (दांडीला केसाचं वेटोळं लावलेलं हत्यार) भ्रूण अलगद उलटा करा. काळ्या आणि फिक्या बाजूंमधल्या आडव्या मध्यरेषेच्या फिक्या बाजूला एक छोटी गडद कमान शोधा. तिथल्या पेशींची बाहेरची टोकं आवळल्याने रंगद्रव्य एकवटलेलं असतं. हाच पृष्ठओठ, म्हणजे पाठीच्या बाजूचा काठ. याच्यावरून पेशी आत वळतात, कमान हळूहळू वर्तुळ होते आणि मध्ये बलकाचं फिकं बूच उरतं. भ्रूणशास्त्रज्ञ स्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या बेडकाच्या नात्यातल्या शेपटीवाल्या उभयचराच्या भ्रूणातला हा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला. १९२४ साली छापलेल्या त्या प्रयोगात तिथे दुसरी शरीररेषा उभी राहिली, आणि तिच्यातली चेतानलिका (मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी) बहुतांशी यजमानाच्याच पेशींची होती. पोटाची कातडी व्हायच्या पेशी शेजार बदलताच मज्जासंस्थेकडे वळल्या.

बाहेरच्या इशाऱ्याने पेशींची वाट कशी बदलते, हे हात बसला असेल तर स्वतः करून पाहा. ब्लास्टुलाच्या (पेशी आत वळायच्या आधीचा पोकळ गोळ्यासारखा भ्रूण) काळ्या टोकाची टोपी कापा. नुसती ठेवलीत तर सूक्ष्म केसांसारखे हलणारे तंतू असलेल्या त्वचेचा गोळा होतो. दुसरी टोपी अ‍ॅक्टिव्हिन या इशारा देणाऱ्या प्रथिनाच्या द्रावणात ठेवा: मध्यस्तराच्या (स्नायूंसारख्या) ऊती बनतात, आणि कोणत्या बनतील ते मात्रेवर ठरतं. नियंत्रणासाठी एक अख्खा भ्रूण शेजारी ठेवायला विसरू नका, नाहीतर टोप्यांचा टप्पा कशावरून ठरवणार?

संध्याकाळी घरी जायचं असेल तर गॅस्ट्रुला (पेशी आत वळत असलेला भ्रूण) १६ अंशांवर ठेवा. सकाळी सहसा पाठीवर चपटी चेतापट्टी, म्हणजे पुढे चेतानलिका होणारा पट्टा, तयार असते. डिश खोलीच्या तापमानाला आणा आणि तिच्या कडा उचलून एकमेकींकडे येताना दर अर्ध्या तासाने फोटो घ्या.