अँटीव्हायरस विकत घ्यायच्या आधी एवढं करा

"मी कुठल्या भलत्या लिंकवर जात नाही, मग मला अँटीव्हायरस कशाला?" हा प्रश्न दुकानात नेहमी येतो. कराडला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह माझ्या मशिनला लागतात, त्यामुळे या विषयात मला मनापासून रस आहे. माझं म्हणणं असं: घरच्या वापरासाठी विकतचा घ्यायची गरज नाही, पण अँटीव्हायरसशिवायही राहू नका.

नुसतं जपून वापरून भागत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) पसरला तो कुणी काही उघडलं म्हणून नाही. नेटवर्कवरून तो आपोआप एका मशिनमधून दुसऱ्यात शिरत होता. ती फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तेव्हा आधी विंडोज अपडेट चालू ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या मशिनवर विंडोज ११ चालत असेल तर त्यावर जा. जुन्या विंडोजवर महागडा अँटीव्हायरस टाकला म्हणून विंडोजमधल्या फटी बुजत नाहीत.

आता डिफेंडर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस. विंडोज १० आणि ११ मध्ये तो मुळातच असतो, वेगळा टाकावा लागत नाही. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा आणि 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये जा. रिअल-टाइम, क्लाउड आणि टॅम्पर प्रोटेक्शन, तिन्ही चालू हवीत. मग त्याच पानावर खाली 'एक्सक्लूजन्स', म्हणजे डिफेंडरने तपासू नये अशा जागांची यादी, बघा. हे कुणी बघत नाही आणि खरी गोम इथेच असते. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स तोडून फुकटात वाटलेलं, सॉफ्टवेअर टाकताना "आधी अँटीव्हायरस बंद करा" किंवा "हा फोल्डर वगळा" असं सांगितलेलं असतं. काम झाल्यावर ती नोंद तशीच राहते. कधी अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला सापडतो! मग डिफेंडर चालू दिसतो, पण तिथलं काहीच तपासत नाही. तुम्ही स्वतः न टाकलेली नोंद काढून टाका आणि फुल स्कॅन लावा. क्रॅक तर वापरूच नका. दार आपणच उघडून दिल्यावर कुठलाच अँटीव्हायरस पुरा पडत नाही.

पेनड्राइव्हचं जरा सविस्तर सांगते. शॉर्टकट व्हायरस तुमचा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. डबल क्लिक केलं की व्हायरस चालू होतो आणि फोल्डरही उघडतो, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. ओळखायचं कसं? फोल्डरच्या आयकॉनवर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला बाण असायचं काही कारणच नाही. तो दिसला की क्लिक करू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, फक्त लपवलेला. घाबरून फॉरमॅट मारू नका.

सोबत फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', 'शो' इथून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही खरं तर प्रोग्रॅम असलेली (ईएक्सई) फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते.

विकतचा अँटीव्हायरस आधीच असेल तर असू द्या. तो असताना डिफेंडर बाजूला होतो. दोन्ही एकदम चालवायचा खटाटोप नको. मुदत संपल्यावर मात्र विंडोज सिक्युरिटीत जाऊन सध्या नक्की कोण पहारा देतंय ते बघा. एकाच ऑफिसात बरीच मशिन असतील आणि सगळ्यांवर एका जागेवरून लक्ष ठेवायचं असेल, तिथे पैसे मोजण्यात अर्थ आहे.

घरी त्या पैशात एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. फोटो, सातबारा, मुलांची सर्टिफिकेटं तिच्यावर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलीत तर रॅन्समवेअर तीही लॉक करतो.

आणि बँकेतून बोलतोय म्हणून कुणी एनीडेस्क (दुसऱ्याला लांबून तुमचं मशिन चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला सांगितलं तर अँटीव्हायरसच्या भरवशावर राहू नका. ते सॉफ्टवेअर व्हायरस नाही, तुम्ही स्वतःहून टाकलेलं असतं. फोन ठेवा, इंटरनेट बंद करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.