जुन्या येझदीची क्लच वायर: आधी निप्पल, मग तेल

येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. म्हणजे पुण्यातली जुनी येझदी आता तिशीला टेकली आहे. तिची क्लच वायर मधे सहसा तुटत नाही, तुटते ती निप्पलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या गोळीपाशी. निप्पल लिव्हरच्या भोकात फिरायला हवं. गंजानं ते जाम झालं की प्रत्येक वेळी तार तिथेच वाकते आणि दर सिग्नलला क्लच दाबता दाबता तिचा एकेक पदर तुटत जातो. माझी वायर कात्रज घाटात अशीच गेली. गाडीचा अर्धस्वयंचलित क्लच (गियर लिव्हर दाबला की आपोआप सुटणारा) शाबूत होता, म्हणून नुसत्या गियर लिव्हरवर घरी पोचलो.

हे काम मेअखेरीस, पावसाआधी करा. अ‍ॅडजस्टर (ताण कमीजास्त करायचा स्क्रू) पूर्ण आत घेऊन वायर ढिली करा आणि निप्पल लिव्हरमधून सोडवा. डिझेलच्या फडक्यानं तार पुसा. धागे कुठे अडकले तर पदर तुटलाय. एकही पदर सुटला असेल तर वायर बदलाच. डाग देऊन चालवू नका.

तार चांगली असेल तर आउटरच्या, म्हणजे तारेवरच्या नळीच्या, वरच्या तोंडाभोवती कणकेचं नरसाळं करा, त्यात शिलाई मशीनचं तेल भरा आणि वायर रात्रभर टांगून ठेवा. खालून आधी काळं पाणी येईल. स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत थांबा. आत ग्रीस भरू नका, धूळ धरून त्याचा चिखल होतो. आउटरला आतून टेफ्लॉनचं अस्तर असेल तर तेलही नको.

ग्रीस लावायचं ते निप्पलला आणि लिव्हरच्या पिनला, अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. जोडताना वायर सिलिंडरला टेकत नाही ना, कुठे मुरडत नाही ना, ते पाहा. लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर ढील ठेवा. कमी ठेवली तर क्लच घसरतो, जास्त ठेवली तर पूर्ण सुटत नाही.

अ‍ॅक्सिलेटरची वायरही याच पद्धतीनं करा. मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आवाज चढला तर वायर ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

नवी वायर घ्यायला नाना पेठेत जाल तेव्हा जुनी सोबत न्या. आउटरची लांबी आणि बाहेर उरणारी तार, दोन्ही जुळवून घ्या. शक्यतो दोन आणा. दुसरीची टोकं प्लॅस्टिकनं बांधून ती पहिलीशेजारीच टेपनं चिकटवून ठेवा.