नव्या फिश टँकमध्ये झाडांना खत घालताना या चुका टाळा

टाकी लावून आठवडा होत नाही तोच क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीची पानं कडेपासून पारदर्शक व्हायला लागतात. बोट लावलं की लगदा होऊन हातात येतात. झाड उपाशी आहे असं वाटतं आणि आपण खताची बाटली उचलतो. मीही पहिल्या टाकीत हेच केलं होतं. पंधरा दिवसांत काचेवर हिरवा थर चढला आणि झाडं होती तशीच राहिली.

झाड उपाशी नसतं. नर्सरीत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत, म्हणून झाड ती टाकून नवी काढतं. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही क्रिप्टोकोरीनच्या जाती आहेत. पाणी चढलं-उतरलं की पानं बदलणं हा तिचा स्वभावच. सडलेली पानं कात्रीने कापून काढा आणि मधला कोंब बघा. तो हिरवा आणि घट्ट असेल तर झाड जगलंय. मुळं धरेपर्यंत घातलेलं खत शेवाळाच्याच कामी येतं.

म्हणून पहिले दोन आठवडे मी लिक्विड खत घालत नाही. अ‍ॅक्वा सॉइल (टाकीसाठी मिळणारी खतयुक्त माती) असेल तर आणखी थांबतो. त्यातून सुरुवातीला अमोनिया सुटतो, तेव्हा मासे न सोडता आठवड्यातून दोन-तीनदा निम्मं पाणी बदलायचं. साधी वाळू असेल तर तिसऱ्या आठवड्यात, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरुवात करा.

मात्रा काढताना टाकीचं नव्हे, पाण्याचं माप धरा. ६० × ३० × ३० सेंमीची टाकी हिशेबाने ५४ लिटरची. खाली ५ सेंमी वाळू, वर ३ सेंमी मोकळी जागा सोडली की पाणी उरतं जेमतेम ४० लिटर.

कुंड्यांसाठी आणलेलं १९:१९:१९ किंवा युरिया टाकीत घालू नका, चिमूटभरसुद्धा नाही. त्यातून अमोनिया तयार होतो आणि पाण्याचा पीएच जास्त असेल तर तो माशांना फारच घातक ठरतो.

रूट टॅब, म्हणजे वाळूत पुरायच्या खताच्या गोळ्या, क्रिप्टोकोरीन आणि अ‍ॅमेझॉन स्वोर्डच्या मुळाशी, चिमट्याने खोल रोवा. अनुबियास आणि जावा फर्नला त्याचा उपयोग नाही. ती पाण्यातूनच खातात. त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं तर कुजतं, ते लाकडाला किंवा दगडाला बांधा.

कमतरता ओळखायची ती पाण्यात फुटलेल्या पानांवरून. कोवळी पानं फिकी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. बोअरच्या जड पाण्यात ईडीटीए या रसायनाला बांधलेलं लोह फार टिकत नाही, डीटीपीएला बांधलेलं लोह असलेलं खत घ्या. पाण्यात फुटून जुन्या झालेल्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅश कमी. ती सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन कमी.

सुरुवातीला काचेवर तपकिरी धूळ बसली तर खत थांबवायची गरज नाही, ती पुसली की जाते. हिरवं शेवाळ वाढलं तर मात्र आधी दिवा ६ तासांवर आणा.