स्काऊट-गाईडच्या जिल्हा कामात येताय? आधी दोरी हातात घ्या

2009 साली गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले. गाईड पथक सांभाळणाऱ्या टीचर बाळंतपणाच्या रजेवर होत्या. हेडसरांनी ड्रॉवर उघडला, एक पितळी शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "टीचर, तुम्ही मराठीच्या ना? मग तुमच्याकडे वेळ असेल."

आपल्याकडे या क्षेत्रात माणसं बहुधा अशीच येतात. पुढे मी पथकातून जिल्ह्याच्या कामात गेले, काही वर्षं मानद पद सांभाळलं, पगारी कामही जवळून पाहिलं. नव्याने येणाऱ्या शिक्षकांचे आणि रोव्हर-रेंजर मुलांचे फोन येतात तेव्हा मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा रचना समजून घ्या, नाहीतर बैठकीत कोण कोणाला काय म्हणतंय तेच कळत नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी, तोवर वेगवेगळ्या चाललेल्या संस्था एकत्र येऊन झाली. प्राथमिकच्या वयात मुलगे कब आणि मुली बुलबुल, साधारण दहा वर्षांपासून स्काऊट आणि गाईड, आणि कॉलेजच्या वयात रोव्हर आणि रेंजर. पथक चालवणारे ते कब मास्टर, फ्लॉक लीडर, स्काऊट मास्टर, गाईड कॅप्टन वगैरे. कबांचं पथक बाईने घेतलं तर तिला "लेडी कब मास्टर" म्हणतात. हे सगळे स्वयंसेवक. शाळेचा पगार शाळेच्या कामाचा असतो, पथकाचा एक पैसाही नसतो. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण दरवर्षी कोणीतरी "मानधन किती?" असं विचारतंच.

पथक घेतलं की बेसिक कोर्स करायचा. सात दिवस निवासी. मी गेले तेव्हा मला वाटलं होतं की व्याख्यानं असतील, वही काढून बसायचं. पहाटे बी.पी. सिक्स, म्हणजे स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम, मग तंबूची पाहणी, आणि आमच्या टोळीचा तंबू रोज नापास, कारण एका बाईंच्या बॅगेतून फरसाणाची पुडी डोकावायची. वय वर्षं चाळीस, पण टोळीनायकाला घाबरून ती पुडी लपवत होत्या. त्या सात दिवसांत मला एक गोष्ट कळली. मुलांना सहा ते आठ जणांच्या टोळीत घालून, त्यांच्यातल्याच एकाच्या हाती कारभार देणं ही नुसती सोय नाही, सगळी पद्धतच त्यावर उभी आहे. कॅप्टनने कमी बोलायचं असतं. मराठीच्या शिक्षिकेला हे फार जड जातं.

माझा पहिला कॅम्प साखळी गावाजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर झाला. ऑक्टोबरचा महिना, दुपारी कडकडीत ऊन. नळ जवळ म्हणून मी खोलगट जागा निवडली. जांभ्या दगडात खुंट्या शिरेनात, म्हणून तंबूचे दोर चिऱ्यांना बांधले. रात्री परतीचा पाऊस आला. चोवीस मुली, तीन तंबू, आणि पाणी कुठून येतंय ते कळायच्या आत अंथरुणं तरंगायला लागली. तंबूभोवती चर खणायचा असतो हे मी कोर्समध्ये शिकले होते, वहीत आकृतीसकट लिहिलंही होतं. जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात मुलींना नेलं. तांदळाचं पोतं भिजलं होतं, म्हणून सकाळी पेज आणि तोरांचं लोणचं. आजही त्या मुली भेटल्या की त्यांना बाकी काही आठवत नाही, पेज आठवते. पण मी त्या रात्री घाबरले होते, आणि नव्यांनी घाबरायलाच हवं. पालकांचं संमतीपत्र, जवळचा दवाखाना, गाडीवाल्याचा नंबर, मुलींबरोबर दोन बायका मुक्कामाला, एवढं झाल्याशिवाय मी आता कोणाच्याही कॅम्पच्या कागदावर सही करत नाही. रागावतात, पण करत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या उलट. चौकोनी बांधणी शिकवत होते. दोन बांबू काटकोनात धरायचे, क्लोव्ह हिच ही गाठ मारून सुरुवात, तीन वेढे, मग मधून आवळणारे दोन वेढे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. माझी बांधणी दर वेळी ढिली. सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून येणारी एक अबोल मुलगी पुढे आली, माझ्या हातातून दोरी घेतली आणि पाच मिनिटांत असा सांगाडा बांधला की त्याच्यावर आम्ही भरलेली कळशी ठेवली. विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, चवथीला घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट बांधतात, ती बघून. बांधायचे काका, हिला कोणी हात लावू देत नसत. कवंडळं, सुपारीची शिपटी, नारळ, एवढं ओझं गणपतीच्या डोक्यावर गणपती असेपर्यंत टांगून ठेवणाऱ्या घरातल्या मुलांना आपण वेढे मारायला शिकवतो म्हणजे गंमतच. पुढच्या वर्षी ती टोळीनायक झाली. राज्य पुरस्कारापर्यंत गेली. त्या वर्षी माटोळी तिने बांधली की नाही हे मात्र मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

आता जिल्ह्याचं. चार-पाच वर्षं पथक बरं चाललं की वरून विचारणा येते. मला मानद पद मिळालं तेव्हा घरी सांगितलं, कमिशनर झाले. सासूबाईंनी विचारलं, "गाडी देणार?" गाडी नाही, वॉरंट देतात, म्हणजे नेमणुकीचं पत्र. जिल्हा कमिशनर, सचिव, खजिनदार हे मानद असतात. कमिशनरचं खरं काम म्हणजे शाळांत जाऊन मुख्याध्यापकांसमोर बसणं. दर शनिवारी दोन तास मैदान आणि दोन शिक्षक द्या, एवढीच मागणी. उत्तर ठरलेलं: दहावीचा निकाल. मी वाद घालत नसे. त्यांच्याच शाळेतल्या मुलांना पाच मिनिटं प्रथमोपचार करून दाखवायला सांगायचे, झोळी बांधणं, स्ट्रेचर करणं. दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर पाहिलं की बऱ्याच जणांचा सूर बदलतो. सगळ्यांचा नाही.

पगारी माणूस वेगळा. संघटक म्हणजे ऑर्गनायझिंग कमिशनर हे अनेक ठिकाणी पूर्णवेळ काम असतं. पथकांची वार्षिक नोंदणी, शुल्काचा हिशेब, सोपानांच्या, म्हणजे मुलांच्या प्रशिक्षणातल्या पायऱ्यांच्या परीक्षांची वेळापत्रकं, मेळाव्याचं जेवण, बसचं भाडं, हे सगळं त्याच्या डोक्यावर. मानद लोक ठरवतात, पगारी माणूस करतो. यातली अडचण दिसते तेवढी लहान नाही. रविवारी बैठकीत पाच जण उत्साहाने ठराव करतात आणि सोमवारी सकाळी एकटा माणूस टेबलाशी बसतो. मानद माणसाने सूचना देताना "हे कोण करणार, कधी, कुठल्या पैशांतून" एवढं स्वतःच लिहून दिलं तर निम्मी भांडणं होत नाहीत. मी हे उशिरा शिकले. एका मेळाव्यात मी ऐनवेळी शंभर मुलं वाढवली, आणि त्या संघटकाने रात्री अकरा वाजता पाव शोधत फिरणं काय असतं ते मला दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पगारी कामाकडे नोकरी म्हणून बघत असाल तर प्रशिक्षणाची शिडी चढावी लागेल. बेसिकनंतर अॅडव्हान्स्ड, मग पथकात काम करून हिमालय वुड बॅज. दोन लाकडी मणी चामड्याच्या दोरीत घालून मिळतात. ही परंपरा 1919 मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेलला सुरू झाली. प्रशिक्षक झालात की मणी वाढतात, सहायक लीडर ट्रेनरचे तीन, लीडर ट्रेनरचे चार. मध्य प्रदेशातल्या पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एकदा तरी जाऊन या. गोव्याच्या घामानंतर तिथली थंडी अंगाला लागते, स्वेटर न्या.

मुलांचा प्रश्न वेगळा असतो: याने नोकरी मिळते का? रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा आहे, हे खरं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज, काही वर्षं सलग सक्रिय राहणं आणि राष्ट्रीय-राज्य पातळीवरच्या कार्यक्रमांतला सहभाग मागतात. जागा मोजक्याच. अटी दर जाहिरातीत नीट वाचायच्या. प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून रडणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेवायला लावते.

जिल्ह्याचं पद कोणी देऊ केलं तर तीन वर्षं पथक चालवल्याशिवाय घेऊ नका, असं मी सांगते. मुलांनी तुमची टिंगल केलेली असली पाहिजे, तुमचा एक कॅम्प बुडालेला असला पाहिजे. नाहीतर दुसऱ्याच्या पथकाला भेट देताना तुम्ही फक्त स्कार्फची घडी तपासता.

माझ्या शाळेतली ती पितळी शिट्टी यंदा गणिताच्या टीचरकडे गेली. त्यांना अजिबात वेळ नसतो. पण पहिल्या शनिवारी त्या मला विचारत होत्या, तंबूभोवतीचा चर किती खोल खणायचा?