आधी पेनड्राइव्हवर, मग डिस्कवर: घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून नात्यातले आणि ओळखीतले लोक मला एकच प्रश्न विचारतात: मशीन धडधाकट आहे, पण विंडोज ११ घेत नाही, मग आता भंगारात काढायचं का? अजिबात नाही. लिनक्स टाका, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी, मोफत सिस्टिम. पण टाकायच्या आधी ते पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आणि पाच मिनिटं नाही, चांगली संध्याकाळ काढून बघा. इन्स्टॉल करणं आता सोपं झालंय, म्हणूनच लोक हे बघणं टाळतात.

कुठलं लिनक्स? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतला तो कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्याभोवती डेस्कटॉप आणि सॉफ्टवेअर बांधून जी तयार सिस्टिम मिळते ती डिस्ट्रो. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्यावरून भांडणारे त्याहून जास्त. तुम्ही त्यात पडू नका, लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्या. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोजची सवय असलेला हात आपोआप बरोबर जागी जातो. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत. किमान रॅम २ जीबी सांगतात, पण माझं ऐकाल तर ४ च्या खाली उतरू नका. नाइलाज असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल उतरवा, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये बांधलेली. ती साधारण ३ जीबीची असते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, मात्र त्यावरचं सगळं पुसलं जातं. विंडोजवर रूफस हे छोटं सॉफ्टवेअर उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. मध्येच ते आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारतं, तिथे आयएसओ मोडच ठेवा.

आता मशीन रीस्टार्ट करा आणि स्क्रीनवर कंपनीचा लोगो येताच बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीचं, बटण टपाटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुतेकदा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळाने मिंटचा डेस्कटॉप समोर येतो. याला लाइव्ह सेशन म्हणतात. इन्स्टॉल करण्याच्या आयकॉनला हात लावला नाही, तर तुमच्या डिस्कवरचं काहीही बदलत नाही. सगळं थोडं रेंगाळत चालेल, कारण ते पेनड्राइव्हवरून वाचलं जातंय. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

इथे खरी परीक्षा घ्यायची. वाय-फाय जोडा. व्हिडिओ लावून आवाज ऐका, मग हेडफोन लावून ऐका. कॅमेरा आणि माइक तपासा. ब्राइटनेसची बटणं चालतात का बघा. लॅपटॉपचं झाकण बंद करा, दहा मिनिटांनी उघडा आणि बघा तो जागा होतो का, आणि जागा झाल्यावर वाय-फाय परत जोडलं जातं का. हे झाकणाचं कुणी तपासत नाही, आणि रोज छळतं तेच. प्रिंटर असेल तर एक पान छापा. बँकेच्या साइटवर लॉगिन करून बघा.

वाय-फाय दिसतच नसेल तर घाबरू नका. ब्रॉडकॉमची काही कार्डं सुरुवातीला चालत नाहीत, कारण त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा घ्यावा लागतो. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग (केबलमधून फोनचं इंटरनेट देणं) चालू करा. लिनक्सला ते वायरचं नेटवर्क वाटतं आणि इंटरनेट सुरू होतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की हवा तो ड्रायव्हर तिथे दिसतो.

सॉफ्टवेअरचा हिशेबही आत्ताच करा. ब्राउझर, व्हिडिओ, फोटो, मेल यांची काळजी नाही. लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर वर्डच्या फाइल्स उघडतं, पण भारी मांडणी असलेल्या फाइलची पानं इकडेतिकडे सरकतात. फोटोशॉपवर पोट असेल तर विंडोज ठेवा, उगाच हट्ट नको. जुन्या बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमधल्या फाइल्स असतील, तर तो फॉन्ट लिनक्सवरही टाकावा लागेल. नाहीतर मजकुराच्या जागी नुसती अगम्य चिन्हं दिसतील.

सगळं जमतंय असं वाटलं की बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि त्यातल्या दोनचार फाइल्स खरंच उघडून बघा. दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर विंडोजमध्ये आणखी तीन कामं आहेत. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या आणि रिकव्हरी की तरीही कागदावर लिहून ठेवा. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. शेवटी डिस्क मॅनेजमेंटमधून विंडोजचा भाग लहान करून जागा मोकळी करा. मिंटला २० जीबी पुरतात असं म्हणतात, पण १०० दिलेत तर पुढे कटकट नाही. ज्या मशीनला विंडोज ११ चालतच नाही आणि विंडोजचं एकही काम नाही, तिथे मी सरळ पूर्ण डिस्क देतो. आईच्या लॅपटॉपवर तेच केलंय.

इन्स्टॉलरमध्ये जपून वाचायची पायरी एकच. विंडोजच्या शेजारी बसवायचं की डिस्क पुसून, हे तो विचारतो. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर नावावर जाऊ नका, आकार बघून ओळखा. बाकीचे प्रश्न भाषा, वेळ आणि पासवर्ड यांचे. ते कुणालाही जमतात.

पहिल्यांदा सुरू झालं की अपडेट मॅनेजर चालवा, एनव्हीडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर बघा, आणि लगेच टाइमशिफ्ट या सॉफ्टवेअरने सिस्टिमचा एक स्नॅपशॉट घ्या. अपडेटने काही बिघडलंच तर त्या स्नॅपशॉटवरून सिस्टिम मागे नेता येते. तो तुमच्या फोटोंचा बॅकअप नाही, हे मात्र लक्षात ठेवा. नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा. गूगलवर शोधून कुठल्याही साइटवरून उतरवायची विंडोजची सवय सोडा. दोन सिस्टिम ठेवल्या असतील तर विंडोजमधलं घड्याळ चुकलेलं दिसू शकतं. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, एवढंच त्याचं कारण. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की मिटतं.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड सेटिंगमधल्या लेआउटच्या यादीत मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येत नसेल तर कगप हा उच्चारानुसार चालणारा लेआउट आहे. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट दर वेळी बदलावा लागत असेल, तर ऑप्शन्समध्ये रायटरच्या खाली बेसिक फॉन्ट्स सीटीएल असा देवनागरीसारख्या लिपींचा वेगळा विभाग असतो. तो दिसत नसेल तर आधी भाषेच्या सेटिंगमध्ये सीटीएल चालू करा, मग तिथे हवा तो फॉन्ट कायमचा ठरवून टाका.