सुटलेलं लेकरू परत वर्गात बसवायचं असेल तर

मी अंगणवाडी सेविका आहे, बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तांड्यावर. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारीत पुन्हा टाळं लागलं. त्यातच एसटीचा संप आला. तो एप्रिलपर्यंत चालला, म्हणून हायस्कूलच्या पोरींना शाळा उघडूनही जाता येईना. त्या काळात सुटलेली काही लेकरं आम्ही परत बसवली, काही हातची गेली. साथ असो, पूर असो की दरवर्षीची ऊसतोड, लेकरू सुटतं ते एकाच पद्धतीनं.

शाळा बंद झाली की लेकरू रिकामं राहत नाही. महिना-दोन महिन्यांत घर त्याला कामाला लावतं. कुणी शेळ्यांमागे जातं, कुणी पाणी भरतं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड येतं. शाळा उघडली तरी ते काम त्याच्याच गळ्यात राहतं. म्हणून "शाळेत पाठवा" म्हणायच्या आधी त्याचं काम उद्यापासून कोण करणार ते ठरवा.

सुटलेल्या लेकरांची यादी हजेरीवरून करू नका. पटावर नाव असतं आणि लेकरू आईबापासोबत कर्नाटकातल्या उसाच्या फडात, म्हणजे तोडणीच्या रानात असतं. घरोघर फिरा. नाव, वय, ऊसतोडीच्या कुठल्या मुकादमाच्या टोळीत, कुठल्या साखर कारखान्याला, आणि दिवसभर काय करतं, एवढं वहीत लिहा. शेवटचा रकाना कोरा ठेवू नका, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आईबाप फडात असले तर पिठाच्या गिरणीवर आज्यांना विचारा, त्यांना प्रत्येक घराचं ठाऊक असतं.

माझ्या वहीत एका अकरा वर्षांच्या पोरीपुढे लिहिलं होतं, "भाऊ सांभाळते". तिची आई मला म्हणाली, "ताई, ही शाळंत गेली तर याला कोण बघंल? मी खुरपायला जाते." मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची लेकरं बसतात, हा दोनच वर्षांचा होता. तरी म्हटलं, आण माझ्याकडे. पहिले चार दिवस तो इतका रडला की बहीण मधल्या सुट्टीत पळत यायची, त्याला खिचडीचा घास भरवायची आणि परत जायची. पाचव्या दिवशी तो रडला नाही आणि तीही आली नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा शाळा सुटेपर्यंत वर्गात बसली.

दुसरी अडचण आधीच्या शाळेच्या दाखल्याची. एका शाळेनं आमच्या एका पोराला "दाखला आणा, मग बघू" म्हणून दारातून परत पाठवलं. बाप दोनशे किलोमीटरवर फडात, तो काय आणणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला दाखल्यासाठी अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं आणि मागे राहिलेलं शिकवावंही लागतं. हे मुख्याध्यापकांना नम्रपणे, पण लेखी अर्ज देऊन सांगा. अर्जाची पोच घ्या.

वर्गात बसलं म्हणजे झालं असं धरू नका. पाचवीतल्या एका पोरानं माझ्यापुढे धडा घडाघडा "वाचला". मी पानावरच्या चित्रावर हात ठेवला, तसा तो गप्प झाला. दुसरीत शाळा सुटली आणि नाव वर सरकत पाचवीत आलं होतं. अशा लेकराला पाचवीचं पुस्तक देऊन चारचौघांत उभं करू नका, तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला मोळ्यांचा हिशेब तोंडी येत होता. आमच्या बाईंनी फळ्यावर "मोळी", "कोयता", "फड" एवढे तीनच शब्द लिहून त्याला सुरुवात करून दिली. बाकीची पोरं बाहेर खेळत असताना रोज अर्धा तास एकट्याला बसवलं. दिवाळीपर्यंत त्याला जोडाक्षरं येऊ लागली.

दिवाळीचं मुद्दाम सांगते. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, पण उचल, म्हणजे मुकादमाकडून मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, आणि उचल घेतली की कोण जाणार ते ठरून जातं. म्हणून आषाढ-श्रावणातच घरी जा. आजी लेकराला ठेवून घ्यायला तयार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडून त्याचं नाव हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांसाठी गावातच केलेल्या सोयीच्या, यादीत घालून घ्या. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात देऊनच पाठवा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल.

तेरा-चौदा वर्षांच्या पोरींकडे सगळ्यात आधी जा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते, म्हणून लग्नाची घाई होते. शाळा बंद असली की "घरात बसवून काय करायचं" म्हणत लग्न उरकतात. आमच्या तांड्यावरच्या आठवीतल्या एका पोरीचं मला हळदीच्या दिवशी कळलं. खेड्यात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि आम्ही सेविका त्यांच्या साहाय्यक, हे मला ठाऊक होतं. तरी भावकीला घाबरून मी फोन केला नाही. ती आज दोन लेकरांची आई आहे, फडात असते. तुम्ही असं करू नका. पोरगी अचानक शाळेत यायची थांबली, घरी नव्या साड्या आल्या, मामाच्या गावाला फेऱ्या वाढल्या, की थांबू नका, लेकरांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन लावा. फोन करणाऱ्याचं नाव ते फोडत नाहीत. आणि लग्न झालेल्या पोरीलाही दहावी बाहेरून देता येते. सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरायला तिच्यासोबत जा.

लेकरू परत आल्यावर पहिला महिनाभर बाईंकडून रोज हजेरी विचारा. गैरहजर असेल तर त्याच संध्याकाळी घरी जा, उद्यावर टाकू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी तर सकाळीच जा. घरातली मोठी माणसं बाजाराला जातात आणि शेळ्या त्याच्याकडे येतात. त्या दिवसापुरत्या त्या शेजारच्या आजीच्या शेळ्यांत सोडायला सांगा.